विकास क्षेत्रात यायचंय? आधी कसारा लोकल पकडा

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलंमुली कळव्याला माझ्याकडे येतात. कुणाच्या आईची ओळख असते, कुणी माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा भाऊ असतो. प्रश्न जवळपास सारखाच असतो, "मॅडम, मला युनायटेड नेशन्समध्ये काम करायचंय. काय करू?" मी उलट विचारते, "शहापूरला गेलायस का कधी?" बहुतेक जण म्हणतात, नाशिकला जाताना गाडीतून पाहिलंय.

मी त्यांना शहापूरपासूनच सुरुवात करायला सांगते. ठाणे जिल्ह्यासारखी शाळा या कामासाठी शोधूनही सापडणार नाही. घोडबंदर रोडचे टॉवर आणि शहापूर-मुरबाडचे कातकरी पाडे एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत आहेत. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावांना टँकर लागतो. भिवंडीत यंत्रमाग आणि गोदामं आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आहे आणि तिच्या कडेने तुर्भे, दिघ्याच्या वस्त्या. नवी मुंबई वसवताना ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली त्या आगरी-कोळी गावांचा साडेबारा टक्के भूखंडांचा (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या विकसित भूखंडांचा) प्रश्न अजून बोलला जातो. विषमता, स्थलांतर, पाणी, शहरनियोजन, कामगार हे पुस्तकातले सगळे विषय तुमच्या तिकिटाच्या अंतरावर आहेत.

खाली लिहिलंय ते नव्याने येणाऱ्यासाठी, ज्या क्रमाने मी स्वतः सांगते त्याच क्रमाने.

पहिली पायरी: काम नेमकं कुठलं ते ओळखा

"विकास क्षेत्र" या एका शब्दात चार वेगळी कामं आहेत. एक, प्रत्यक्ष अंमलबजावणी: वस्तीत किंवा पाड्यावर जाऊन गट बांधणं, शाळा, आरोग्य, उपजीविका. दोन, संशोधन आणि माहिती: सर्वेक्षण, आकडेमोड, मूल्यमापन, ज्याला सगळे "एम अँड ई" (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन) म्हणतात. तीन, धोरण: कायदे, अंदाजपत्रकं, शासन निर्णय यांचा अभ्यास आणि त्यात बदल व्हावा म्हणून पाठपुरावा. चार, पैशाची बाजू: सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च), निधी देणाऱ्या संस्था, प्रपोजल आणि अहवाल.

कुठलं जमेल हे घरी बसून ठरत नाही. पण एवढं पाहा की अनोळखी माणसाशी तासभर बोलून तुम्हाला उत्साह येतो की थकवा. थकवा येत असेल तर अंमलबजावणीचा हट्ट धरू नका. आकड्यांची चांगली माणसं या क्षेत्रात कायमच कमी पडतात.

दुसरी पायरी: एक विषय धरा आणि तिथे जा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच माणूस घडतो.

विषय छोटा घ्या. "गरिबी" नको, "वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा" घ्या. "शहरी कामगार" नको, "तुर्भ्याच्या नाक्यावरच्या कामगारांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी" घ्या. हे दुसरं काम तर लगेच हातात घेता येतं. कायद्यानुसार नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस रोज नव्या मालकाकडे जातो, मग त्याला दाखला देणार कोण? दहा कामगारांचे अर्ज भरायला बसलात की कायदा कागदावर काय म्हणतो आणि नाक्यावर तो कसा अडतो, हे दोन्ही एकदम कळतं.

माझी स्वतःची पहिली गोष्ट सांगते. शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी पाड्यावर मी सर्वेक्षणाला गेले होते. फॉर्म दिल्लीहून आलेला, इंग्रजीवरून मराठीत उतरवलेला. अकरावा प्रश्न होता, "कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?" दारात बसून मासळी साफ करणाऱ्या बाईंना मी तो वाचून दाखवला. त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "महिन्याचं कुठून असेल बाई? आम्ही दिवाळीला उचल घेतो, पावसाच्या आधी फिटली तर फिटली."

मी त्यांच्या नावासमोर शून्य लिहिलं. आधीच्या सहा घरांतही शून्यच लिहिलं होतं. परतीच्या लोकलमध्ये कागद चाळताना पोटात गोळा आला. सात घरांची अख्खी अर्थव्यवस्था मी पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी फॉर्म बाजूला ठेवून परत गेले आणि नुसतं ऐकलं. दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो, घरातल्या जोडप्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. मग भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्टीवर कुटुंब मुलांसकट जातं. मजुरी ठरते हजार विटांमागे. आठवड्याला हातात पडते ती "खर्ची", म्हणजे मीठमिरचीपुरते पैसे. पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो: पाडलेल्या विटांची मजुरी, वजा खर्ची, वजा उचल. उरलं तर घरी, नाहीतर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. हिशेबाची वही मालकाकडे.

आता हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यासमोर ठेवा. घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाला दुसरीकडे कामाला जायचं स्वातंत्र्य उरत नसेल, तर त्याला कायदा वेठबिगारीच म्हणतो. म्हणजे "उचल" या साध्या शब्दात कर्ज, स्थलांतर, मुलांची शाळा आणि पन्नास वर्षं जुना कायदा, सगळं दडलेलं होतं. माझ्या फॉर्मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

म्हणून सांगते, एका पाड्यावर दहा वेळा जा, दहा पाड्यांवर एकेकदा नको. एकटे, ओळखीशिवाय जाऊ नका. तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर जा किंवा आशाताई, अंगणवाडी सेविका यांना आधी भेटा. त्यांना पाड्यातलं प्रत्येक घर माहीत असतं. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, लहान मुलांचे तर नकोच. आणि "तुमच्यासाठी हे मिळवून देतो" असं काही बोलू नका. पाड्यावर असं बोलून गेलेले पुष्कळ जण लोकांच्या लक्षात असतात.

तिसरी पायरी: सरकारी कागद वाचायला शिका

धोरणाचं शिक्षण फुकट मिळतं, फक्त ते कंटाळवाण्या पीडीएफमध्ये असतं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांची अंदाजपत्रकं, अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवसांत येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन आणि शासन निर्णय हे चार कागद उघडायची सवय लावा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात एकच शीर्ष निवडा, समजा झोपडपट्टीतली सार्वजनिक शौचालयं. मागच्या वर्षी तरतूद किती होती, सुधारित अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती? या तीन आकड्यांतली तफावत घेऊन वस्तीत जा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. हा कायदा देशाला २००५ मध्ये मिळाला, महाराष्ट्राचा स्वतःचा त्याआधी होता. रोजगार हमीचंही तसंच: आपल्या राज्याचा कायदा १९७७ मध्ये झाला, देशाचा २००५ मध्ये. बाहेरगावी मुलाखतीला गेलात तर हे अभिमानाने सांगा.

आकडे वाचताना ठाण्याच्या बाबतीत एक खड्डा हमखास आहे आणि त्यात मी चांगल्या संशोधकांनाही पडताना पाहिलंय. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांहून अधिक. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, विक्रमगड हे आदिवासी तालुके तिकडे गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ ला, जिल्हे २०११ चेच धरले होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पालघर स्वतंत्र आहे. दोन्ही फेऱ्यांचं "ठाणे" शेजारी ठेवून कुपोषण घटलं असा निष्कर्ष काढलात, तर घटलं काय? कुपोषित मुलं ज्या तालुक्यांत जास्त होती ते तालुकेच यादीतून गेले. मुलाखतीत कुणी ठाण्याचा आकडा पुढे केला तर नम्रपणे विचारा, "हे अखंड ठाणे की आताचं?" तुम्हाला काम येतं हे समोरच्याला तेवढ्यावरून कळतं.

नवी मुंबईचंही लक्षात ठेवा. बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, खारघर-पनवेल रायगडात. एकाच शहराची माहिती दोन जिल्ह्यांच्या कागदांत शोधावी लागते.

एक्सेल नीट आलं पाहिजे, पिव्हट टेबलसकट. मोबाइलवर सर्वेक्षण करायला कोबोटूलबॉक्स आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस ही दोन्ही साधनं मोफत आहेत. पायथन, आर वगैरे नंतर.

चौथी पायरी: शिक्षण, आणि ते कधी घ्यायचं

माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तर पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करा आणि मग पदव्युत्तरला जा. वर्गात बसल्यावर कुठला प्रश्न विचारायचा ते माहीत असतं.

आपल्या भागाचं भाग्य असं की देशातल्या नावाजलेल्या संस्था रोजच्या लोकलने गाठता येतात. देवनारला, गोवंडी स्टेशनच्या बाजूला, १९३६ साली सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस. तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची सामाईक परीक्षा द्यावी लागते. त्याच परिसरात आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. वर सांगितलेलं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. आकड्यांकडे ओढा असलेल्यांनी या संस्थेकडे दुर्लक्ष करू नये, दुर्दैवाने बहुतेक जण करतात. वाशी-बेलापूरकरांना हार्बर लाइनवर या दोन्ही संस्था सोयीच्या. ठाण्याहून पवईला आयआयटीत जाणंही अवघड नाही. तिथलं सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र इंजिनीअर मंडळींसाठी उत्तम, शिवाय धोरण अभ्यासाचं वेगळं केंद्र आहे. चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था एमएसडब्ल्यूसाठी, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी. अर्थशास्त्राकडे जायचं असेल तर पुण्याची गोखले संस्था आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे.

परदेशी पदवी? शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. पण घर गहाण टाकून जाऊ नका. या क्षेत्रातल्या पगारात ते कर्ज फेडताना मी मुलांना क्षेत्र सोडताना पाहिलंय.

पाचवी पायरी: फेलोशिप

पहिल्या नोकरीचा सर्वात चांगला दरवाजा हाच. महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. २१ ते २६ वयोगटातल्या पदवीधरांसाठी ती आहे, कामाचा थोडा अनुभव लागतो आणि मराठी यावंच लागतं. धोरणाची आवड असेल तर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप पाहा. त्यात एका खासदाराबरोबर संसदेच्या कामात मदत करायची असते, वयाची अट २५ पर्यंत. एसबीआय यूथ फॉर इंडिया तेरा महिने खेड्यात ठेवते. गांधी फेलोशिप आणि टीच फॉर इंडिया दोन-दोन वर्षांच्या, शाळांच्या कामाच्या. अटी आणि मानधन दर वर्षी बदलू शकतात, म्हणून जाहिरात मुळातून वाचा.

अर्जातल्या निबंधाबद्दल एकच सांगते. "लहानपणापासून समाजसेवेची आवड" हे वाक्य काढून टाका. त्या जागी नाक्यावरच्या एका अर्जाचं काय झालं ते लिहा: कुठल्या खिडकीवर अडलं, कुठला कागद कमी पडला, तुम्ही काय केलं.

फेलोशिप मिळाली नाही तर इथल्या संस्थांकडे जा. खारघरला युवा ही १९८४ पासून शहरी गरिबांच्या घर-हक्कांवर काम करणारी संस्था आहे. मुंबईतून सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था शिक्षणात काम करते. बेलापूरला ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, म्हणजे "उमेद"चं राज्य कार्यालय आहे. बचतगटांच्या कामात सरकार आतून कसं चालतं ते तिथे दिसतं. नोकऱ्यांच्या जाहिरातींसाठी डेव्हनेटजॉब्स इंडिया आणि एनजीओबॉक्स नियमित पाहा.

सीएसआरकडे जायचं असेल तर एक युक्ती आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि तो कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या प्रकल्पावर केला हे जाहीर करावं लागतं. सरकारच्या सीएसआर पोर्टलवर ठाणे जिल्हा निवडा. कोण कशावर खर्च करतंय त्याची यादी समोर येते. तीच तुमची अर्ज करायची यादी.

सहावी पायरी: आता युनायटेड नेशन्स

आलेच शेवटी तुमच्या प्रश्नाकडे. युनायटेड नेशन्समध्ये थेट पदवीनंतर घुसण्याचे रस्ते थोडे आहेत. इंटर्नशिप पदवीच्या शेवटच्या वर्षापासून ते शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत करता येते, पण सचिवालयाच्या इंटर्नशिपला पैसे मिळत नाहीत. न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च स्वतःचा. यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम नावाची परीक्षा ३२ वर्षांपर्यंत देता येते, मात्र सहभागी देशांची यादी दर वर्षी बदलते, तेव्हा त्या वर्षी भारत आहे का ते आधी पाहा. आंतरराष्ट्रीय पदांतल्या पी-२ या खालच्या श्रेणीला साधारण पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात.

आपल्या मुलांना जास्त जवळचा रस्ता वेगळा आहे: यूएन व्हॉलंटियर्समार्फत देशातच काम, किंवा नॅशनल ऑफिसरची पदं, जी त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात. युनिसेफचं महाराष्ट्राचं कार्यालय मुंबईतच आहे. अशा जागी ज्याला जिल्हा परिषद कळते, मराठीत ग्रामसेवकाशी बोलता येतं आणि रात्री त्याचा नेटका इंग्रजी अहवाल लिहिता येतो, अशा माणसाची किंमत असते. इंग्रजीची लाज असेल तर ती झटका, रोज एक पान लिहा. पण मराठी ही तुमची उणीव समजू नका. पाड्यावर दुभाषा घेऊन जाणाऱ्याला "खर्ची" हा शब्द ऐकूच येत नाही.

एक इशारा. युनायटेड नेशन्स भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणाला नाही. कुणी "प्रोसेसिंग फी" मागितली तर ती फसवणूक आहे.

सातवी पायरी: पैसा, करार आणि घरचे

हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून मुलं फसतात.

इथल्या बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या असतात. निधी संपला की पद संपतं. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देणं बंद झालं. ऑफिसमधल्या पगारांवर त्याचा ताण पडला आणि गावपातळीवरच्या छोट्या संस्थांचं फार नुकसान झालं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, १ जुलैला ती मदत वाटणारी अमेरिकी सरकारची संस्था यूएसएड बंदच झाली. १९६१ पासूनची संस्था सहा महिन्यांत गेली आणि जगभर तिच्या पैशावर उभी असलेली कामं कोसळली. म्हणून एकाच देणगीदाराच्या भाषेत तयार होऊ नका. एक पक्कं कौशल्य हाताशी ठेवा: लेखा, आकडेवारी, कायदा, नर्सिंग, काहीही.

मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय?" म्हटलं की लाजू नका. हे पद कुणाच्या निधीवर आहे? तो कधीपर्यंत आहे? पीएफ आहे का? प्रवासखर्च आधी मिळतो की बिलं दिल्यावर? माझ्या सुरुवातीच्या एका संस्थेत प्रवासाची बिलं चार-चार महिने अडायची. शहापूर ते पाडा जीपचे पैसे मी उसने घेऊन भरत होते आणि त्याच वेळी बचतगटाच्या बायकांना कर्ज टाळा म्हणून सांगत होते. मुलींनी आणखी एक विचारावं: लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती आहे का, तिच्यात कोण आहे? २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ती सक्तीची आहे. संध्याकाळी शेवटच्या एसटीनंतर अडकलात तर संस्था काय सोय करते, हेही.

घरच्यांना "समाजसेवा" म्हणून सांगू नका, त्यांना ते फुकटचं काम वाटतं. पदाचं नाव, पगार, कराराची मुदत आणि पुढच्या तीन वर्षांचा विचार कागदावर लिहून वडिलांसमोर ठेवा. जमलं तर आईला एकदा पाड्यावर घेऊन जा. माझी आई आली होती. परत येताना आसनगावच्या फलाटावर तिने एवढंच विचारलं, "त्या बाईंची उचल फिटली का गं यंदा?" त्यानंतर घरी माझ्या नोकरीवरून वाद झाला नाही.

पहिल्या महिन्यासाठी

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. आजपासून जवळची तारीख पाहा. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत, म्हणून शक्यतो तिथलं गाव निवडा आणि सरपंचांना आधी फोन करून परवानगी घ्या. ठाण्याहून कसारा किंवा आसनगाव लोकल, आसनगावला उतरून शहापूरसाठी रिक्षा, पुढे एसटी किंवा जीप. पाण्याची बाटली, वही, दोन पेनं. महिलांची ग्रामसभा आधी होणं अपेक्षित असतं, ती झाली का ते पाहा. मागच्या बाजूला बसा. कोण बोलतं, कोण उठून जातं, अंदाजपत्रकाचा विषय किती मिनिटांत उरकतो आणि बायका कुठल्या प्रश्नावर एकदम बोलू लागतात, एवढंच वहीत लिहा. मग ती वही घेऊन या, बोलू.